पत्रूचा निळा खडा

वैनगंगेत कुठं किती पाणी, हे मार्कंडा गावचा मासेमार पत्रू ढिवर डोळे मिटून सांगे. आपल्याला सगळंच कळतं असा त्याचा समज झाला तो त्यामुळंच. त्र्याऐंशीच्या शिवरात्रीच्या जत्रेत एक खडेवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, की नीलमावर चाकूचा ओरखडा उठत नाही. पत्रूनं ते ऐकून मनाशी खूणगाठ बांधली.

जेठात नदी आटली, तेव्हा खडकाच्या फटीत त्याला बोटाएवढा लांबट, निळाशार खडा सापडला. मासा कापतात तसा त्यानं त्यावर चाकू आडवा ओढला. ओरखडा नाही. पुन्हा ओढला, तरी नाही. गडी हरखून गेला.

पोळ्याच्या सुमारास त्याच्या बायकोच्या, देवकाबाईच्या छातीत गाठ लागली. नर्सबाईनं बजावलं, लगेच नागपूरला न्या. देवकाबाईचा भाऊ लच्छू पत्रूचा डोंगा, मासेमारीची ती लाकडी होडी, विकत घ्यायला तयार होता.

"डोंगा काऊन इकू? शिवरात्रीले खडा इकतो, मंग मोठ्या डाक्टरले दाखवतो," पत्रू म्हणाला. चांद्याचे सोनार फसवतील, म्हणून त्यांच्याकडं जायलाही तो तयार नव्हता. देवकाबाई दोनदा बोलली आणि गप्प झाली. असल्या शहाण्यापुढं कुणाचं काय चालणार! गाठ मात्र शिवरात्रीसाठी थांबली नाही.

जत्रेत खडेवाल्यानं खडा निरखला आणि चाकू उभा ओढला. पांढरी रेघ उमटली.

"हा कायनाइट आहे, भाऊ. जमिनीच्या पोटात चिकणमाती दाबून, तापून होतो. आडवा कठीण, उभा नरम. भट्टीच्या विटांत घालतात हा." तो हसलाही नाही बिचारा. पत्रूनं चाकू मागून घेतला आणि तिथंच चार वेळा ओढून पाहिला, उभा नि आडवा.

त्याच आठवड्यात डोंगा लच्छूकडं गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी देवकाबाईला तपासलं, हात धुतले आणि आता काही करता येणार नाही म्हणाले.

"सहा महिने काय करत होता तुम्ही?"

देवकाबाईनं पदर सावरला.

"मीच नाई म्हणलं, सायेब. मले दवाखान्याचं भेव वाटे. हे तं रोज चाल म्हणत."

पत्रू मान खाली घालून बसला. ती खोटं बोलते आहे, एवढंसुद्धा त्याला सांगवलं नाही.