सरजाबाईच्या झोळ्या

सरजाबाई लेकरांना अफू चारते, अशी कुजबुज त्या दुष्काळात आमच्या गावात उठली होती. कुणी उठवली ते विचारू नका. हापशावर घागरींची रांग तासन् तास हलायची नाही, आणि रांगेतल्या तोंडांना तर काहीतरी काम पाहिजे. सकाळी नुसती अफू होती, दिवस मावळेपर्यंत ती बिदरहून येऊ लागली होती. सरजाबाई उभ्या जन्मात अहमदपूरच्या बाजाराच्या पलीकडं गेली नव्हती, पण अफवेला कुठं एस.टी.चं तिकीट काढावं लागतं.

लातूर तेव्हा नवाकोरा जिल्हा. कलेक्टर आले, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, ढगांना तेवढं कुणी कळवलं नाही. शाळेजवळ रोजगार हमीचं तलावाचं काम निघालं आणि बायका माती वाहायला लागल्या. आया कामावर म्हणून तान्ही लेकरं बहिणींच्या कडेवर, आणि कडेवर लेकरू म्हणून बहिणी शाळेच्या बाहेर. नरसिंग गुरुजींच्या वर्गात मुलगी औषधालाही उरली नव्हती.

कामावरची पोरं सांभाळायला मुकादमानं सरजाबाईला नेमलं होतं. बाई धिप्पाड, आवाज असा की ती हळू बोलली तरी वेशीवर ऐकू यावं. पण ती बौद्धवाड्यातली. इतर बाया तिच्यापाशी लेकरू ठेवीनात. कामावर माती वाहणाऱ्या शरणम्माची नीलम्मा आठ वर्षांची, पाढे म्हणण्यात पटाईत; ती धाकट्या बसूला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीशी उभी राहायची आणि आतली पोरं अडली की बाहेरून उत्तर द्यायची. गुरुजी म्हणायचे, "ही खिडकी माझ्यापेक्षा हुशार हाय."

सरजाबाईला ते बघवेना. ती थेट शरणम्माच्या सासूकडं, कमलम्माकडं गेली. ही म्हातारी म्हणजे सोवळ्याचं हायकोर्ट. सोयऱ्यांच्या घरीसुद्धा पाणी प्यायच्या आधी तांब्या कुणी घासला ते विचारणारी.

"अव्वा, शाळेमागच्या लिंबाला झोळ्या बांधते," सरजाबाई अंगणाबाहेरूनच म्हणाली. "झोळी तुमच्याच सुनेच्या लुगड्याची. सगळ्या झोळ्यांना मिळून एक दोरी. मी लांब बसून निसती वढीन. पोराला हात न्हाई लागायचा."

"दोरी कुठली?"

"माणिकप्पाच्या दुकानातली. तुमच्याच जातीची हाय."

म्हातारीनं हसू दाबलं. "बरं. पण तोंडाला काय लावायचं न्हाई. लावलंस तर नीलीची शाळा त्याच दिवशी बंद."

"न्हाई लावत."

कमलम्मानं हो म्हटल्यावर बाकीच्या घरांची तोंडं आपोआप मिटली. लिंबाला झोळ्या लटकल्या, पोरी वर्गात बसल्या. पण दुपार झाली की लेकरं भुकेनं असा टाहो फोडायची की एकेक पोरगी पाटी टाकून बाहेर पळायची. गुरुजी शेवटी फळ्याला शिकवायचे.

मग एकदम शांतता झाली. सरजाबाई दुपारी पदराखाली एक गाडगं घेऊन यायची, मुलींना वर्गात पिटाळायची, आणि थोड्या वेळानं लेकरं गाढ झोपलेली असायची. गाडग्यात काय, विचारलं तर म्हणायची, "माझं जेवण." एवढ्यावरून हापशावर अफू उगवली.

ते ऐकून कमलम्मा भर दुपारी काठी टेकत लिंबाखाली आली. मागोमाग रांगेतल्या निम्म्या बाया, घागरी तशाच सोडून. आम्हीही पारावरून उठलो. एवढा तमाशा फुकट कोण सोडतो.

"सरजे, गाडगं दाव."

सरजाबाईनं वर्गाकडं पाहिलं. आत नीलम्मा पाढा म्हणत होती. "अव्वा, बोलायचं ते मला बोला. पोरीला उठवू नका."

म्हातारीनं आधी झोळीतून बसूला उचललं. उचलताना तिचा हात खाली गेला. गेल्या महिन्यात नुसती हाडं लागत होती, आता पोर जड झालं होतं. त्याच्या हनुवटीवर पांढरा ओघळ वाळला होता. तिनं तो पदरानं पुसला, आमच्याकडं पाठ केली आणि गाडग्यावरचं फडकं सारून आत बोट घातलं. बोटाचं पुढं काय झालं ते आमच्यापैकी कुणाला दिसलं नाही. सगळ्यात जवळ मी होतो, मला ऐकू मात्र आलं.

"मीठ कमी पडलंय," ती पुटपुटली.

मग वळून तिनं ठणकावलं, "अफू न्हाई अन् काय न्हाई. लिंबाचा वारा लागला की लेकरं निजतात. इथं काय बघून राहिलात? जावा, घागरी कुणीतरी पुढं सरकवल्या असतील."

बाया हापशाकडं धावल्या. बसू परत झोळीत गेला. नीलम्मा चौथी पास झाली, तिच्या मागच्या पोरीही झाल्या, आणि तलाव पुरा होईपर्यंत दोरी सरजाबाईच्याच हातात राहिली. आता ती नाही, कमलम्माही नाही, म्हणून सांगून टाकतो.

गाडग्यात ज्वारीच्या कण्यांची पेज असायची, सरजाबाईच्या घरच्या चुलीवर शिजवलेली. लेकरं पोट भरल्यामुळं झोपायची. बौद्धाघरचं अन्न पोटात गेलं हे कळलं असतं तर आयांनी झोळ्या सोडवून नेल्या असत्या आणि पोरी शाळेतून काढल्या असत्या, म्हणून ती गाडगं झाकून आणायची.