वरातीची घोडी

जगदेवनं आयुष्यभर लोकांचे नवरदेव घोडीवर चढवले. आसेगावच्या पंचक्रोशीत त्यानं कंबरेला धरून वर न ढकललेला नवरा शोधूनच काढावा लागेल. त्याची घोडी गुलछडी बँड वाजला की जागच्या जागी थांबायची, मान उडवत नाचायची आणि वऱ्हाडी खूश व्हायचे. पण जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतीत तिचं नाव द्यायला गेला की सगळे हसायचे. "वरातीची घोडी हाय ते, पळन कायले?" हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. आपली घोडी पहिली आली, एवढं एकदा स्पीकरवरून ऐकायचं, बस्स, ही एकच हौस त्याला उरली होती.

यंदा जत्रेच्या कमिटीनं त्याला मैदानाच्या सोयी बघायला सांगितल्या आणि शर्यतीत गुलछडीचं नावही घेतलं. मग काय, गडी पेटला. घोड्यांना सावलीसाठी मांडव घातला, पाण्याचे हौद भरून घेतले, धावपट्टीतले खडे स्वतः वाकून वेचले, शर्यत जिथं संपते तिथं चुन्याची रेघ मारली. जनावरांचा डॉक्टरही आणून बसवला. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं.

"जितणाऱ्याचं स्वागत वाजतगाजत झालं पायजे," तो कमिटीत अडून बसला. जिंकणारं कोण, हे त्यानं मनात ठरवूनच ठेवलं होतं. त्यानं धनराजचा बँड बोलावला आणि बजावलं, "धनराजभाऊ, पयलं जनावर त्या कडुनिंबाजवळ आलं का सुरू करजा."

कडुनिंब रेघेच्या वीस पावलं अलीकडे होता.

शर्यत सुटली. सात जनावरं, आणि जगदेव स्वतः गुलछडीवर. काय पळाली ती! निम्म्यातच सगळ्यांना मागं टाकलं. हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. स्पीकरवाला ग्यानबा माइकवर ओरडत होता, "गुलछडी, गुलछडी समोर!" जगदेवचा ऊर भरून आला. कडुनिंब आला आणि धनराजनं दिल्या शब्दाला जागून बँड सुरू केला.

गुलछडी थांबली. पुढचा पाय उचलला, मान उडवली आणि नाचायला लागली.

"अवं चाल ना माय! काहून थांबून राह्यली?" जगदेव टाचा मारून थकला. मग बँड बंद करा म्हणून त्यानं दोन्ही हात वर करून हलवले. आता वरातीत कोणी दोन्ही हात वर केले म्हणजे आणखी जोरात वाजवा, हे धनराजला वेगळं सांगायला नको होतं. त्यानं ढोलवाल्यांना डोळा मारला. सहा घोडे बाजूनं निघून गेले. लोक पोट धरून हसत होते, दोघं-तिघं तर नाचायलाही उतरले.

जगदेव खाली उतरला. आधी बँड बंद करवला, मग चाबूक उगारला. गुलछडी कान टवकारून त्याच्याकडेच बघत होती, नाचून झाल्यावर मिळणाऱ्या नेहमीच्या गुळाची वाट बघत. त्यानं चाबूक खाली टाकला. पळायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते तिचं तिनं केलं होतं. थांबायला मात्र त्यानंच शिकवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

बक्षीस वाटून झालं, मांडव रिकामा झाला. जगदेव घोडीला परत सुरुवातीला घेऊन गेला आणि एकटाच सुटला. बँडवाले रसवंतीवर बसले होते, वाजवायला कोणी नव्हतं. गुलछडी कडुनिंबाजवळून वाऱ्यासारखी गेली आणि रेघ ओलांडून थांबली.

वायरी गुंडाळत बसलेल्या ग्यानबानं हे पाहिलं. त्यानं माइक परत जोडला.

"जगदेवभाऊची गुलछडी पयली!" तो ओरडला. "दुसरं कोणी नव्हतं, तरी पयली!"

घरी जाणारे लोक मागं वळून हसले. जगदेव घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडत होता.