बारा हातांचं लुगडं

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, यंदा एक्क्याऐंशीवं लागलं. ती राहात्याला दिलेली. माणसानं एवढी वर्षं काढली की त्यानं हजार पौर्णिमेचे चंद्र बघितले असं धरतात आणि पाटावर बसवून दिव्यांनी ओवाळतात. बाई असली तर त्या वेळी तिच्या अंगावर माहेरचं लुगडं लागतं. आमच्या माहेरात आता मी एकटा उरलोय. मधले दोघं भाऊ गेले. म्हणजे लुगडं न्यायचं ते मीच. ते चुकलं असतं तर भरल्या मांडवात लोकांना दिसलं असतं की म्हातारीच्या मागं माहेर राहिलेलं नाही. गोष्ट एवढीच होती, आणि ती मी एका मोबाईलच्या हवाली केली.

मी चौथी शिकलो आणि पाटी ठेवली. लिहितो ते बोलल्यासारखंच लिहितो. पण खरं लिहितो. त्या कंपनीनं माझ्याबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं, म्हणून हे कागदावर आणतोय.

आमचं गाव राहुरी तालुक्यात. लुगडी मी कायम राहुरीतल्या एकाच दुकानातून घेत आलो. ते दुकान आता नाही. मालकाची पोरं तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. आक्का जन्मभर नऊवारीच नेसत आलीय, आणि ती म्हणाली होती, हिरवं आण, काठ रुंद बघ. माझे गुडघे धरलेले. नात नगरला सावेडीत कॉलेजात शिकते, ती सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आबा, कशाला दुकानं हिंडता? ह्यात अख्खं दुकान आहे. भांडी, चपला, खुर्च्या, काय पाहिजे ते."

"लुगडं हाय का?"

"हे बघा. हिरवं, रुंद काठ. आणि लिहिलंय बघा काय."

तिनं मराठीतून काढून दिलं. मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. नऊवारी. एकदा नाही, तीनदा वाचलं. मग म्हटलं, मागव.

मागवल्यावर ते कुठपर्यंत आलं ते मोबाईलवर दिसतं. एवढं मला आवडलं होतं, खोटं का बोलू. पुण्याला आलं, नगरला आलं, राहुरीला आलं. मी आमच्या मंडळींना सांगितलं, लुगडं राहुरीत हाय, आता दोन घंट्याचं काम. दुसऱ्या दिवशी बघतो तर परत नगरला.

"राहुरीपर्यंत येऊन माघारी का गेलं गं हे?"

"सिस्टीम असते आबा त्यांची."

"सिस्टीमला रस्ता म्हाईत न्हाई का? एसटीचा ड्रायव्हर असं करील तर लोकं त्याला खाली उतरवतील."

दोन दिवस ते नगरला पडून राहिलं. मग सोमवारी सकाळी मोबाईलवर आलं की आज तुमच्या घरी येणार. मी आठ वाजता दारापुढं खाट टाकली आणि बसलो. जेवण खाटेवर, चहा खाटेवर. संडासला गेलो तेव्हा आमच्या मंडळींना खाटेवर बसवून गेलो. रस्त्यानं दुधाची गाडी गेली, उसाचे ट्रॅक्टर गेले, शाळेची जीप गेली. चार वाजता नात घरातून बाहेर आली आणि नुसती उभी राहिली.

"काय झालं?"

"आबा, चिडू नका. त्यांनी लिहिलंय, आम्ही आलो होतो, पत्त्यावर कुणी आढळलं नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सकाळपासून मी त्या दारात बसलोय, आणि कुठल्या तरी माणसानं लिहून टाकलं की मी नव्हतो. शेजारच्या बांधावरून माझं कुणाशी भांडण झालं असेल, सोसायटीच्या सभेत मी वाकडं बोललो असेन, पण मी खोटा आहे असं ह्या गावात आजवर कुणी म्हटलं नाही. आणि हा न आलेला माणूस मला गैरहजर लावतो! मंडळी म्हणाल्या, "आवं, जाऊ द्या. उद्या यील की."

"उद्या यील ते यील. आज मी घरी न्हवतो हे कुणी लिव्हलं?"

दुसऱ्या दिवशी आला. तिशीतला माणूस, मोटारसायकलवर माणसापेक्षा मोठी पिशवी. मी खोकं हातात घेण्याआधी विचारलं, "काल आला हुतास?"

तो हसला. "काल लई पार्सलं राहिली होती बाबा. फाट्यावरनंच मारलं."

"काय मारलं?"

"मेसेज. नायतर आम्हाला वरून बोलणी बसतात."

मी त्याला सांगितलं, तुला बोलणी बसू नयेत म्हणून माझ्यावर खोटं लिहायचं का. तो म्हणाला, बाबा, आकडा सांगा, मोबाईलवर आलेला. नातीनं आकडा सांगितला, त्यानं खोकं दिलं आणि गेला.

आता पुढं जे झालं त्यात माझी चूक आहे असं घरातली सगळी म्हणतात. नवी वस्तू घरात आली की आम्ही तिला हळदकुंकू लावतो. ट्रॅक्टर आला तेव्हा लावलं, कुकर आला तेव्हा लावलं. लुगडं तर द्यायचं लुगडं, त्याची घडी मोडण्याआधी देवापुढं ठेवून बोट टेकवतात. नात म्हणाली, आबा आधी उघडून बघू. मी म्हटलं, आधी कुंकू. मंडळींनी वरच्या पदराला एक हळदीचं, एक कुंकवाचं बोट टेकवलं. मग मी घडी मोडली आणि हातानं मोजायला बसलो. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. नऊवारी म्हणजे अठरा हात झाले पाहिजेत. बाराव्या हाताला काठ संपला. दुसऱ्यांदा मोजलं, मंडळींनी तिसऱ्यांदा मोजलं. बारा. वर कागद चिकटवलेला, त्यावर छापलेलं, नऊवारी.

"सहावारी पाठवली त्यांनी," नात म्हणाली. "काळजी करू नका, परत करता येतं. बदलून देतात."

तिनं मोबाईल काढला. परत का करता, असं त्यात विचारतात आणि खाली कारणं दिलेली असतात. रंग आवडला नाही. माप बसलं नाही. मन बदललं. उशिरा आलं. मी म्हटलं, "नऊ सांगून सहा दिलं, हे कुठंय?"

"ते नाहीये आबा. मन बदललं दाबू का? लवकर होतं ते."

"खबरदार. माझं मन बदललेलं न्हाई. मला हिरवं नऊवारीच पाहिजे हुतं, आजबी तेच पाहिजे. मन त्यांचं बदललं."

"मग माप बसलं नाही दाबते."

"माप बसलं न्हाई म्हंजे माझ्या बहिणीच्या अंगात खोट. माप त्यांनी चोरलंय."

त्यात तास गेला. शेवटी तिनं कुठंतरी खाली लिहायची जागा शोधली आणि मी सांगितलं तसं लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं की उद्या माणूस येईल, हे लुगडं नेईल आणि नवं देऊन जाईल. तो मंगळवार होता. ओवाळणी रविवारी. दिवस होते.

बुधवारी मी खाटेवर बसलो. कुणी आलं नाही. गुरुवारी बसलो. मोबाईलवर रोज उद्या. मी नातीला फोन लावायला लावला. फोनवर बाई नाही, यंत्र. ऑर्डरसाठी एक दाबा, परताव्यासाठी दोन दाबा. दोन दाबलं की गाणं. गाणं संपलं की परत एक दाबा. मी त्या यंत्राला एकदा म्हणालो, बाई, माझी बहीण एक्क्याऐंशी वर्षांची आहे. नात तोंडावर ओढणी धरून हसली, पण मी तरी कुणाला सांगायचं? एवढं अख्खं दुकान आहे तर त्यात गल्ल्यावर एक माणूस बसवता येत नाही? त्याला लुगडं दाखवू, तो मोजील, संपलं.

आमच्या लहानपणी एक कापडवाला सायकलवर गठुडं घेऊन यायचा. ओट्यावर गठुडं सोडायचा आणि आईला म्हणायचा, आधी बोट लावा वहिनी, मग मी मोजतो. कुंकू लावलेलं लुगडं तो पुढच्या बाजाराला बदलून घेऊन जायचा, कारण कुंकू लावलंय म्हणजे ह्या घरानं घ्यायचं मनापासून धरलं होतं, फसवायचं नाही, हे त्याला कळायचं. त्याला सही येत नव्हती.

गुरुवारी दुपारी नात म्हणाली, "आबा, मी उद्या पहिल्या गाडीनं नगरला जाते, कापडबाजारातून नऊवारी घेऊन येते. हे लुगडं बसू दे त्यांच्याशी भांडत."

मी नको म्हटलं. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं. तो माणूस आला आणि बदललेलं लुगडं घेऊन आला, तर मग दोन लुगडी कशाला? आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून घ्यायचं होतं. त्यांनी नऊ लिहिलं होतं, त्यांनी नऊ द्यावं. मंडळी चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "आक्काला काय नेसवाल? तुमचा हेका?"

शुक्रवारी संध्याकाळी आला. तोच फाट्यावरचा. नवं लुगडं आणलेलं नव्हतं, ते म्हणे जुनं जमा झाल्यावर निघतं. त्यानं घडी उघडली, मोबाईलनं फोटो काढला आणि थांबला.

"बाबा, हे घेता येत नाही. डाग आहे."

"कुठं डाग?"

त्यानं कुंकवावर बोट ठेवलं.

"त्याला डाग म्हणतोस? तुझ्या घरात आई बहीण हाय का न्हाई?"

"आहे बाबा. मला कळतंय. पण ह्यात दोनच आहेत, नवं आणि वापरलेलं. कुंकवाचं वेगळं बटन नाही."

"मग मोज की! बारा हात हायेत का अठरा, तेवढं मोज!"

"मोजायचं काम माझ्याकडं नाही." तो हळूच बोलला, आणि मला वाटतं त्याला वाईट वाटत होतं, पण त्यानं वापरलेलं दाबलं आणि गेला. एका आठवड्यात कंपनीनं मला घरी नसलेला केलं, आणि माझ्या बायकोच्या हातचं कुंकू डाग केलं.

शनिवारी सकाळी मी आणि नात राहुरीत हिंडलो. त्यातच दुपार टळली, मग नगर गाठून संध्याकाळपर्यंत राहाता गाठायला वेळ उरला नाही. एका दुकानात म्हणाले, नऊवारी आता कोण नेसतं बाबा. दुसऱ्यात एक काढून दाखवली, ती आधीच शिवलेली, कंबरेला नाडी, पायजम्यासारखी पाय घालायची. पोरी स्टेजवर नाचताना घालतात म्हणे. मी म्हटलं, माझी बहीण पाटावर बसणार हाय, तिला नाचायचं न्हाई. गुडघे सुजले तसा बारा हातांचं तेच लुगडं पिशवीत घातलं आणि राहात्याची एसटी धरली.

आक्का ओसरीवर बसली होती. मी पिशवी तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, तिची सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. आक्कानं ऐकून घेतलं, मग लुगडं हातानं मोजलं. बाराव्या हाताला थांबली.

"हिरवं मात्र चांगलं आणलंस," ती म्हणाली.

"आक्का, चेष्टा करू नको."

"बरं, नातीनं नगरनं आनते म्हटलं तवा का न्हाई पाठवलंस तिला?"

नातीनं आधीच सांगून टाकलं होतं.

"ल्हानपणापास्नं असाच हायेस. ताटातली भाकरी जळकी निघाली तर दुसरी घेणार न्हाई, तीच बदलून मागणार." मग सुनेला म्हणाली, "माझं ते जुनं हिरवं काढ गं. आन कात्री."

आमच्या आईच्या काळात लुगडं मधे विरलं की चांगले दोन तुकडे काढून एकाला एक जोडायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. दंडाचं लुगडं म्हणजे घरात दुसरं नाही याची खूण. आक्कानं जुन्या लुगड्यातून सहा हात चांगलं कापड मोजून कापलं. मी म्हटलं, "आक्का, न्हाई. लोकं काय म्हनतील? भावानं दंडाचं दिलं."

"तू न्हाई दिलंस. मी घालतीय. सुई ओव."

तिला दिसत नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून सुई मी ओवली. सून म्हणाली मशीनवर मारून देते, आक्का नको म्हणाली. ओसरीवर बसून तिनं अख्खा दंड हातानं घातला, आणि मी दोरा संपला की परत ओवत राहिलो. तेवढ्या वेळात मी एकदाही कंपनीला शिव्या दिल्या नाहीत. देता आल्या नाहीत.

रविवारी ती दाजींच्या शेजारी पाटावर बसली. काष्टा घट्ट घातलेला. उजव्या पायाकडं विटकं हिरवं, वर नवं हिरवं, मधे दंड सरळ दिसत होता. कुंकवाचं बोट पदरावर तसंच होतं. बायका ओवाळायला वाकल्या की त्यांची नजर त्या जोडावर जायची आणि मला मान वर करवत नव्हती. एकीनं विचारलंच, "अवं, सनाच्या दिशी दंडाचं कसं नेसलात?"

आक्का सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "माहेरचं हाय. नवं भावानं आनलं, जुनंबी त्यानंच आनलेलं हाय. दोन्ही नेसले."

तेवढ्यात नात माझ्या कानाशी आली. "आबा, मेसेज आलाय. तक्रार मान्य झाली. उद्या माणूस येतोय, लुगडं होतं तसं घडी घालून तयार ठेवा म्हणे."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मांडवात आहे हे विसरलो. "त्याला म्हनावं, राहात्याला ये! हिथं पाटावर बसलंय लुगडं! धाडस असंल तर उतरवून ने!"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. आक्कानं ओवाळणीच्या ताटाआडून मान काढून विचारलं, "काय रे झालं?"

नातीनं सांगितलं. आक्का हसली नाही. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं, गुडघ्याखाली दाबलं आणि म्हणाली, "देनार न्हाई म्हनावं. माझं हाय हे."