आंबट रश्शातला खिळा
कल्हईवाल्याच्या नवसागराचा धूर नाकात गेला की मला सिंदेवाहीकडचं आमचं घर आणि वहिनीचे रडून सुजलेले डोळे आठवतात. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती, मी नागपूरच्या कॉलेजात सायन्सला होतो, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. सुट्टीत घरी आलो तेव्हा नव्या वहिनीने तलावातले शिंपले चिंच घालून गंजात, म्हणजे उभट पितळी पातेल्यात, शिजवले. रस्सा रात्रभर त्याच भांड्यात राहिला आणि सकाळी ज्याने खाल्ला त्याला उलट्या सुरू झाल्या. मोठ्या काकूने ओसरीवरूनच निकाल दिला, "हिच्या हातालेच गुण नाई. उद्या हिले माहेरी नेऊन सोडा!" दादा मान खाली घालून बसला. मी भांड्यात डोकावलो, तर आतली कल्हई पार उडालेली. एक लोखंडी खिळा राखेने घासून चकचकीत केला आणि उरलेल्या हिरवट रश्शात टाकला. "काऊन रे, आता खिळ्याची भाजी करून राह्यला काय?" काकू म्हणाली. दुपारी खिळा काढला तो गंजलेला नव्हे, नव्या तांब्यासारखा तांबडालाल. "काकू, हे भांड्यातलं तांबं हाय. चिंचेनं सुटलं अन् शिंपल्यात उतरलं. वहिनीचा काय दोष?" काकूने बोटांनी घासून पाहिलं, रंग जाईना. "भांडं तं माह्या माहेरचं हाय," ती पुटपुटली. "मंग काकू, तूच जाऊन ये माहेरी," दादा पहिल्यांदाच बोलला, आणि वहिनी पदराआड हसली. पुढे पदवी मिळाली, नोकरीही लागली. पण घराने मला शिकलेला माणूस मानलं ते त्या दुपारी, हे मी आजही छाती काढून सांगतो.