घासलेला डबा

आमचे काका कोर्टात पुकारा करायचे. दाराबाहेर उभं राहून नाव तीनदा पुकारायचं, कोणी आलं नाही की आत येऊन "गैरहजर" म्हणायचं, एवढीच नोकरी. आवाज असा खणखणीत की गल्लीत सगळे त्यांना भोंगा म्हणत. घरी काकीपुढे मात्र भोंग्याची पिपाणी व्हायची.

छापखान्यात संप झाला आणि पोलिसांनी त्यांच्या एकुलत्या एका पोराला, माझ्या चुलतभावाला, मशीनवरूनच उचलून तुरुंगात नेलं. गुन्हा काय, कोणी सांगेना. काका म्हणाले, "काही केलं नसेल तर सुटेल." अस्सा राग आला मला त्यांचा!

काकी दर रविवारी तुरुंगाच्या फाटकावर डबा द्यायला जायची. भेटू देत नसत, पण डबा घेत. आधीचा रिकामा परत मिळे, तोही लख्ख घासलेला. "घरी कधी ताट उचललं नाही, आणि तिथं डबा घासतोय! सुधारला गं," म्हणून ती हसायची. त्या डब्याच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो.

तरी पोरगा सुटेना, तेव्हा काकीनेच वकील गाठला. तो म्हणाला, "मला का कोंडलं, हे कोर्टात विचारायचा प्रत्येक कैद्याला हक्क आहे. त्याच्या वतीने आपण विचारू. मग त्याला कोर्टासमोर आणून कारण सांगावंच लागतं." अर्ज नेमका काकांच्याच कोर्टात लागला आणि पोराला हजर करायचा हुकूम निघाला.

सुनावणीच्या दिवशी दुसरा शिपाई पुकारा करायला तयार होता. काकांनी त्याला बाजूला सारलं आणि पोराचं नाव तीनदा पुकारलं. व्हरांड्यातून कोणी पुढे आलं नाही. काका आत आले, पण "गैरहजर" काही त्यांच्या तोंडून निघेना.

सरकारी वकील उठले. "या नावाचा माणूस तुरुंगात नाही. कधी आणलाच नव्हता."

माझ्या शेजारी बसलेली काकी उभी राहिली. आज पोरगा भेटणार म्हणून भरून आणलेला डबा तिने पिशवीतून बाहेर काढला.

"साहेब, मग डबा कोण खात होतं?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "तुरुंगाधिकाऱ्याला आत्ताच्या आत्ता इथं बोलवा."

काका दाराबाहेर गेले आणि पुन्हा पोराचंच नाव पुकारू लागले. चौथा पुकारा करायचा नसतो, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी त्यांना थांबवलं नाही.