मुठीतले तांदूळ

बाळांनो,

तुम्हा दोघांचं पत्र मंगळवारी मिळालं. धाकटीने लिहिलंय की तिची गोष्ट शाळेतल्या बाईंनी परत केली, कारण तिला धड सुरुवात नाही, मध्य नाही आणि शेवट तर मुळीच नाही. खाली थोरल्याने बारीक अक्षरात विचारलंय, ‘आजी, बाईंचं बरोबर आहे ना?’ पत्रांची उत्तरं मी रविवारी लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण इथून तुमच्यापर्यंत पत्र पोचायला दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या वेळात धाकटी ती गोष्ट फाडून टाकेल. म्हणून आज गुरुवारीच बसले. गोष्ट फाडू नकोस. आधी हे वाच.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सोलापुरात आमचं भाड्याचं घर होतं, दोन खोल्या, मागे न्हाणी आणि पुढे ओटा. वडील कचेरीत कारकून होते. आईला वाचता येत नव्हतं. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आली होती आणि घरातले सणवार, सोवळं-ओवळं, पोथ्या सगळं तिच्या ताब्यात होतं. मराठी चौथी झाल्यावर वडिलांनी मला इंग्रजी शिकायला घातलं, ते तिला मुळीच पटलं नव्हतं.

“इंग्रजी शिकलेली मुलगी पोथीला हात लावायची नाही, बघ तू,” ती वडिलांना म्हणायची.

श्रावण लागायच्या सुमारास आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि तिला अक्षरं दिसेनात. शुक्रवारच्या जिवतीच्या पूजेला आळीतल्या बायका आमच्याकडे जमत आणि कहाणी आत्याच वाचायची. आता कोण वाचणार?

“ही वाचेल,” वडील म्हणाले.

“हिला जमलं तर मी शाळेबद्दल पुन्हा शब्द काढणार नाही,” आत्या म्हणाली. “आणि भर बायकांत फजिती झाली, तर शाळा बंद. कबूल?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मला वाचायची भीती नव्हती. भीती पोथीची होती, कारण ती अगदीच खिळखिळी झाली होती.

घरात कहाण्यांच्या दोन पोथ्या होत्या, एक आईच्या माहेरची आणि एक आत्याची. दोन्हींची पानं सुटलेली, काही हरवलेली. मी तेव्हाही आजच्यासारखीच होते. सगळी पानं जमिनीवर मांडली, आकडे पाहून एक ते अठ्ठेचाळीस क्रमाने लावली, आईच्या गोधडीच्या दोऱ्याने शिवली आणि वर तपकिरी कागदाचं कव्हर घातलं. एकही आकडा चुकला नाही. जास्तीची फाटकी पानं उरली, ती बंबात घातली. दोन्ही पोथ्या वेगवेगळ्या छापखान्यांतल्या होत्या आणि एकीच्या बत्तिसाव्या पानावर जे होतं ते दुसरीच्या बत्तिसाव्यावर नव्हतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आकडे जुळले म्हणजे सगळं जुळलं, असं मला वाटे.

शुक्रवारी दुपारी दहा-बारा बायका जमल्या. आईने प्रत्येकीच्या हातावर चिमूटभर तांदूळ ठेवले. ही रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कहाणी सुरू होताना मुठीत तांदूळ घ्यायचे, मध्ये बोलायचं नाही आणि कहाणी संपूर्ण झाली असं वाचणारीने म्हटलं की तांदूळ देवीला वाहायचे. तोवर मूठ उघडायची नाही.

ओट्यावर, दाराला लागून शेजारची विणकर मावशी बसली होती. तिच्या घरी माग होता, ते लोक आपसांत तेलुगू बोलत. त्या काळी आत्या तिला आत बसवत नसे. पण दाराशी बसून ती तांदूळ मात्र घ्यायची. शाळेतून आल्यावर मी तिच्याकडेच असायची. ती राहाटावर सुताच्या कांड्या भरायची आणि गोष्टी सांगायची. कांडी भरली की गोष्ट थांबे, असेल तिथे. नवी कांडी लागली की नवी गोष्ट.

“मावशी, त्या कोल्ह्याचं काय झालं?” मी विचारी.

“ते पिवळ्या सुतात ऱ्हायलं की. आता लाल लागलंय.”

चार दिवसांनी पिवळं सूत लागलं की कोल्हा परत येई. मला त्यात कधी काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तर मी वाचायला लागले. आटपाट नगर होतं, तिथे एका गरीब बाईची लेक नदीवर पाणी आणायला गेली. दिवस कलला तरी परतली नाही. आईचा जीव थाऱ्यावर नाही. दाराशी पाऊल वाजलं म्हणून ती धावली, कडी काढली, आणि मी पान उलटलं.

‘आणि घोड्याला पोटभर पाणी पाजून राजा पुढे निघाला,’ असं तिथे होतं.

मी वाचलं. दुसरं काय करणार? राजा जंगलात गेला, त्याला तहान लागली, वगैरे. मग पुन्हा पान उलटलं, तर पुन्हा आटपाट नगर.

“अगं, आत्ता तर एक नगर झालं की,” कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली. “त्या पोरीचं काय झालं?”

“मध्ये बोलू नये,” आत्या म्हणाली.

“न्हाई बोलत. पर पोरगी नदीवर हाय अजून.”

मी पुढची पानं चाळली. कुठेही ती मुलगी नव्हती. ती बंबात जळाली होती, हे मला तेव्हा कळलं. आत्याला अक्षरं दिसत नव्हती, पण पानांची फडफड ऐकू येत होती. “काय गं?” तिने विचारलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर शाळेचं दप्तर आलं.

तेवढ्यात दाराशी मावशी हळूच म्हणाली, “तुटलं तर गाठ मार की, बिड्डा.” बिड्डा म्हणजे तिच्या तेलुगूत बाळ.

मी पोथी मिटली. राजाने घोड्याला पाणी पाजलं ती नदी तीच होती, असं मी सांगितलं. काठावर एक मुलगी रिकामी घागर घेऊन बसली होती. घागर रिकामी का, तर तिने सगळं पाणी एका तहानलेल्या म्हशीला पाजलं होतं.

“राजानं घोड्यावर बशिवलं आसंल,” म्हातारी म्हणाली.

“बसवलं,” मी म्हणाले, “पण घोडा आडमुठा होता, तो दुसऱ्याच नगरात गेला.”

“मेला घोडा,” दुसरी कोणी म्हणाली आणि बायका हसायला लागल्या. आत्याने दोनदा दटावलं आणि मग दटावायचं सोडून दिलं. मला इतकी मजा येऊ लागली की थांबायचं असतं हेच मी विसरले. म्हैस राजाच्या मागोमाग निघाली. दुसऱ्या नगरात तिचा मान झाला. एकीचं तान्हं रडत होतं, पण तिची एक मूठ तांदळाने बंद, म्हणून शेजारणीने कोपराने त्याला तिच्या मांडीवर लोटलं. घामाने तांदूळ तळहाताला चिकटले. मग गिरणीचा भोंगा झाला. घरोघरी पुरुष परतायची वेळ झाली, पण मूठ मिटलेली असताना उठायचं कसं? सगळ्या आत्याकडे बघू लागल्या.

आत्याने स्वतःची मूठ वर केली.

“पोरगी घरी आली,” ती म्हणाली. “आईनं दार उघडलं, तिला पोटाशी धरलं. ही कहाणी संपूर्ण झाली. वाहा तांदूळ.”

सगळ्यांनी भराभर तांदूळ वाहिले. आईने दूध आणि फुटाणे दिले. निघताना म्हातारी उंबऱ्यात थांबली.

“आनि म्हैस?”

“म्हशीचं पुढच्या शुक्रवारी,” आत्या म्हणाली.

संध्याकाळी वडील आले. टोपी काढायच्या आधी त्यांनी विचारलं, “काय झालं अक्का? चुकली?”

“पोथी चुकली,” आत्या म्हणाली. “पोरगी नाही चुकली. जाऊ दे तिला शाळेत.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हशीचं पुढे काय होणार आहे?”

“मला अजून माहीत नाही.”

“मला तरी सांग. मी कुणाला बोलायची नाही.”

त्या श्रावणातले उरलेले शुक्रवार आम्ही आधी पोथीतलं वाचलं आणि मग म्हशीचं पुढे नेलं. शेवटच्या शुक्रवारी मावशी दाराच्या आत बसली होती. आत्याने तिला तसं सांगितलं नव्हतं, पण ऊठ असंही म्हटलं नाही.

तर थोरल्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. शेवट लागतो, कारण ऐकणाऱ्यांना घरी जायचं असतं, तान्ह्याला घ्यायचं असतं. तेवढ्यासाठी तो द्यावा. गोष्टीला स्वतःला तो लागतोच असं मला आजवर दिसलेलं नाही. आणि धाकटे, तुझ्या बाईंना तुझी गोष्ट अर्धी वाटली म्हणजे पुढचं ऐकायची इच्छा त्यांनाही झाली असेल. त्यांना एकदा विचारून पाहा.

घर आता नाही. मावशीचा माग नाही. पोथी माझ्या कपाटात वरून दुसऱ्या खणात आहे, तपकिरी कव्हर जरा फाटलंय. पानं एक ते अठ्ठेचाळीस, क्रमाने, सगळी आहेत.