गॅरेजपुढचे गुलाब

चौक गावात हायवेवर एका मिस्त्रीचं गॅरेज होतं आणि पुढ्यात, ऑइलच्या रिकाम्या डब्यांत, गुलाब. घाटातून गारठा उतरू लागला की संध्याकाळी हातातला पाना खाली ठेवून तो आधी झाडांवर गोणपाटं बांधायचा. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. ‘वाजव रं, वाजव,’ म्हणत तो गाठी मारत राहायचा.

एका हिवाळ्यात झाडांना ऊब मिळावी म्हणून त्याने डब्यांशेजारी शेकोटी पेटवली होती. धगीने सगळ्या कळ्या करपल्या. तेव्हापासून तिथे शेकोटी बंद. ड्रायव्हर कुडकुडत शिव्या द्यायचे. तो स्वतःही दात वाजवत नट आवळायचा.

एका सकाळी माझी स्कूटर त्याच्या दारात बंद पडली. थंडीने माझी बोटं वळेनात. मी म्हटलं, ‘रस्त्यापलीकडे तरी पेटवू या की.’

‘वारा हिकडंच येतो. नाय म्हंजे नाय.’

मग त्याने स्वतःच्या खांद्यावरचं गोणपाट काढून माझ्या अंगावर टाकलं आणि नुसत्या बनियनवर कार्बोरेटर खोलायला बसला. झाडांवर दोन-दोन गोणपाटं होती. माझी नजर तिकडे गेलेली त्याने पाहिली.

‘तिकडं बगू नका,’ तो म्हणाला. ‘ती त्यांची हायेत.’